हार्ट व्हॉल्व्ह रिप्लेसमेंटचं कोडिंग: हेडिंगवर जाऊ नका, नोटच्या पोटात शिरा

पुण्यात, ऐरोलीत, नागपुरात बीफार्म, बीएचएमएस, बीएस्सी करून मेडिकल कोडिंगला (डॉक्टरच्या नोटवरून बिलासाठी आजार-ऑपरेशनचे कोड लावायच्या कामाला) लागलेली मुलंमुली बहुतेक वेळा ईडी (इमर्जन्सी विभाग) नाहीतर रेडिओलॉजीच्या चार्टवर सुरुवात करतात, मग एक दिवस टीएल (टीम लीडर) येऊन सांगतो की उद्यापासून तू सीव्हीटीएसच्या (हृदय-छातीच्या सर्जरीच्या) टीमला, आणि दुसऱ्या दिवशी पहिलीच ऑपरेटिव्ह नोट उघडली की चार पानं भरून स्टर्नोटॉमी, कॅन्युलेशन, कार्डिओप्लेजिया, पॅच, बटन, कंड्युइट, आणि डोक्यावर प्रॉडक्शनचं टार्गेट. हे त्यांच्यासाठी लिहितेय. पेशंट अमेरिकेतले, कोड अमेरिकेचे, नियम बरेचसे मेडिकेअरचे (तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे), त्यामुळे इथल्या हॉस्पिटलच्या बिलाचं गणित थोडा वेळ बाजूला ठेवा.

सगळ्यात आधी एकच गोष्ट मनात पक्की करा. नोटच्या वरती 'प्रोसिजर परफॉर्म्ड' म्हणून जी ओळ असते तिच्यावरून कोड लावायचा नाही. ती ओळ पुष्कळदा टेम्प्लेटमधून येते, कधी ऑपरेशन सुरू व्हायच्या आधीच भरलेली असते. मी नवीन असताना एका चार्टवर हेडिंगला सरळ एव्हीआर (एऑर्टिक झडप बदलणं) लिहिलेलं होतं, मी ३३४०५ लावला आणि पुढे गेले. ऑडिटला तो चार्ट परत आला, कारण तिसऱ्या पानावर सर्जनने स्पष्ट लिहिलं होतं की अ‍ॅन्युलस (झडप ज्या कड्यात बसते ते) लहान होता म्हणून नॉनकोरोनरी सायनसमधून चीर देऊन पॅच लावून तो मोठा केला. तो ३३४११ आहे, पूर्ण वेगळा आणि जास्त कामाचा कोड. सर्जनने जास्तीचा वेळ देऊन केलेलं काम माझ्यामुळे बिलातून गायब झालं असतं. तेव्हापासून मी नोट आधी खालून वाचते, हेडिंग शेवटी.

पहिली पायरी: कोणासाठी कोड करताय ते विचारा

प्रो-फी म्हणजे डॉक्टरचं बिल, तिथे सीपीटी (प्रोसिजरचे पाच आकडी कोड) लागतो. फॅसिलिटी म्हणजे हॉस्पिटलचं इनपेशंट बिल, तिथे प्रोसिजरला आयसीडी-१०-पीसीएस आणि शेवटी डीआरजी, म्हणजे हॉस्पिटलला किती पैसे मिळणार ते ठरवणारा गट. डायग्नोसिसला दोन्हीकडे आयसीडी-१०-सीएम. एकच ऑपरेशन, पण दोन्हीकडची भाषा वेगळी, आणि एकीकडचा नियम दुसरीकडे लावला की चूक नक्की. साधं उदाहरण म्हणजे हार्ट-लंग मशीन: ओपन व्हॉल्व्हच्या सीपीटी कोडमध्ये या मशीनचा वापर (कार्डिओपल्मनरी बायपास) धरलेलाच असतो, वेगळा कोड द्यायचा नाही, पण पीसीएसमध्ये त्याचा ५ए१२२१झेड स्वतंत्र द्यावा लागतो.

दुसरी पायरी: कुठली झडप, आणि दुरुस्त केली की बदलली

चार झडपा: एऑर्टिक, मायट्रल, ट्रायकस्पिड, पल्मनरी. ओपन सर्जरीत साध्या प्रोस्थेटिक व्हॉल्व्हने एऑर्टिक बदलली तर ३३४०५, मायट्रल ३३४३०, ट्रायकस्पिड ३३४६५, पल्मनरी ३३४७५. हे चार पाठ करा, बाकीचं पुस्तकात बघून.

मायट्रलला जरा थांबा, कारण तिथे रिपेअर खूप होतात. नुसती रिंग घातली तर ३३४२६. लीफलेट कापून पुन्हा जोडलं, नवीन कॉर्ड टाकल्या, स्लायडिंग प्लास्टी केली असं काही खरंच केलेलं असेल तर रॅडिकल रिकन्स्ट्रक्शन म्हणजे ३३४२७, मग रिंग असो वा नसो. नुसता 'कॉम्प्लेक्स रिपेअर' हा शब्द बघून ३३४२७ देऊ नका, लीफलेटला नक्की काय केलं ते वाक्य सापडलं पाहिजे. आणि सर्जनने आधी रिपेअर करून बघितलं, सलाइन टाकून तपासलं, गळती थांबली नाही म्हणून त्याच बैठकीत व्हॉल्व्हच बदलला, तर फक्त ३३४३० जातो. रिपेअरची मेहनत खरी असते, बघून वाईट वाटतं, पण कोड शेवटी जे यशस्वीपणे झालं त्याचाच.

मिनी-स्टर्नोटॉमी किंवा छोट्या थोरॅकोटॉमीतून केलं म्हणून सीपीटी बदलत नाही. नवीन मुलं यात उगाच अर्धा तास घालवतात.

तिसरी पायरी: बसवलेली झडप कसली आहे

नोटमध्ये किंवा इम्प्लांट लॉगमध्ये व्हॉल्व्हचं नाव, साइज, सिरीयल नंबर असतो. एऑर्टिकमध्ये याने कोडच बदलतो. मेकॅनिकल किंवा नेहमीचा स्टेंटेड टिश्यू व्हॉल्व्ह असेल तर ३३४०५, दात्याचा म्हणजे होमोग्राफ्ट फ्रीहँड शिवला तर ३३४०६, स्टेंटलेस टिश्यू व्हॉल्व्ह असेल तर ३३४१०. यातला गोंधळ असा की मुलांना वाटतं टिश्यू म्हटलं की ३३४१०. तसं नाही, टिश्यूच्या आत फ्रेम आहे की नाही हा मुद्दा आहे, आणि रोजच्या वापरातले बरेच गाई-डुकराच्या टिश्यूचे व्हॉल्व्ह फ्रेमवालेच असतात. मॉडेलचं नाव माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं, अंदाज करू नका.

चौथी पायरी: एऑर्टिक रूट, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझ्या अनुभवात ऑडिटमधल्या मोठ्या चुका निम्म्याहून जास्त इथल्या. कारण एऑर्टिक झडप एकटी नसते, ती महाधमनीच्या मुळाशी बसलेली असते, तिथूनच दोन कोरोनरी निघतात, आणि सर्जन कधी नुसती झडप बदलतो, कधी मूळ मोठं करतो, कधी अख्खं मूळच काढून टाकतो. शिवाय नावं सगळी माणसांची. डोनाल्ड रॉस यांनी १९६७ मध्ये पेशंटचीच पल्मनरी झडप काढून एऑर्टिकच्या जागी बसवली, ह्यू बेंटॉल यांचं ऑपरेशन १९६८ मधलं, ती नावं आजही नोटमध्ये तशीच येतात. पण नाव म्हणजे कोड नव्हे, सर्जन सवयीने नाव लिहितो आणि प्रत्यक्षात त्यात बदल केलेला असतो.

तर मी काय शोधते ते सांगते. नॉनकोरोनरी सायनसमधून पॅच लावून अ‍ॅन्युलस वाढवला असेल, म्हणजे निक्स किंवा मानुगियन पद्धत, तर ३३४११. व्हेंट्रिकलमधून सेप्टम उघडून वाढवला, म्हणजे कोनो, तर ३३४१२. रॉस केलं तर ३३४१३, आणि रॉस व कोनो एकत्र केलं तर ३३४४०, हा २०१९ मध्ये आला.

मग 'बटन' हा शब्द शोधा. कोरोनरीची तोंडं बटनासारखी कापून नव्या ग्राफ्टला परत शिवली आहेत आणि ग्राफ्टमध्ये व्हॉल्व्ह आहे, तर ते खरं बेंटॉल, ३३८६३. कोरोनरी परत शिवल्या पण पेशंटची झडप वाचवली, डेव्हिड किंवा याकूब पद्धत, तर ३३८६४. आणि आता नीट बघा: झडप वेगळी बदलली, मूळ तसंच ठेवलं, कोरोनरींच्या वरपासून ग्राफ्ट वेगळा लावला, बटनचा कुठे उल्लेखच नाही, तर हेडिंगला मोठ्या अक्षरात बेंटॉल लिहिलं असलं तरी ते बेंटॉल नाही. तिथे ३३४०५ आणि ग्राफ्टचा कोड वेगळा जातो, डिसेक्शनसाठी असेल तर ३३८५८, एन्युरिझमसारख्या दुसऱ्या कारणासाठी असेल तर ३३८५९. उलट ३३८६३ दिला की त्याच्यासोबत ३३४०५ ही नाही आणि ३३८५८-३३८५९ ही नाही, पुस्तकात कोडखाली कंसात तसं स्पष्ट लिहिलंय. त्या कंसातल्या ओळी वाचायची सवय लावा, मी तर नव्या ट्रेनीला पहिले दोन दिवस फक्त त्याच वाचायला देते.

पाचवी पायरी: टॅव्हर, म्हणजे कॅथेटरमधून एऑर्टिक झडप

१६ एप्रिल २००२ ला फ्रान्समध्ये रूआँ इथे अलाँ क्रिबिए यांनी कॅथेटरमधून पहिल्यांदा माणसात एऑर्टिक झडप बसवली, अमेरिकेत एफडीएने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पहिला टॅव्हर व्हॉल्व्ह मंजूर केला, आणि आज टॅव्हरचे चार्ट रोजचे झालेत. कोड ठरतो तो फक्त व्हॉल्व्ह कुठल्या रस्त्याने आत नेला त्यावर. मांडीतून सुईने, ३३३६१. मांडीत चीर देऊन धमनी उघडी करून, ३३३६२. अ‍ॅक्सिलरी उघडून ३३३६३, इलियाक उघडून ३३३६४, छाती थोडी उघडून थेट एऑर्टातून ३३३६५, हृदयाच्या टोकातून म्हणजे ट्रान्सएपिकल ३३३६६. मानेतल्या कॅरोटिडमधून नेला तर यातला एकही लागत नाही, अनलिस्टेड ३३९९९ द्यावा लागतो. दुसऱ्या मांडीत पिगटेल कॅथेटरसाठी वेगळी सुई घातलेली असते, तिच्याकडे बघून रस्ता ठरवू नका.

टॅव्हरच्या कोडच्या पोटात बऱ्याच गोष्टी आहेत: धमनीत शिरणं, बंद करणं, आधी बलूनने झडप उघडणं, तात्पुरता पेसिंग वायर, व्हॉल्व्ह बसवताना लागणारी एऑर्टाची चित्रं. हे वेगळे कोड करू नका. डायग्नोस्टिक कॅथ मात्र वेगळा जाऊ शकतो, पण अट अशी की आधीची कॅथ स्टडी उपलब्धच नव्हती, किंवा अपुरी होती, किंवा मधल्या काळात पेशंटची स्थिती बदलली, आणि हे नोटमध्ये लिहिलेलं हवं. तेव्हा मॉडिफायर (कोडमागे जोडायचं दोन अक्षरी चिन्ह) ५९. मेंदूकडे गुठळ्या जाऊ नयेत म्हणून फिल्टर लावला असेल तर अ‍ॅड-ऑन (मुख्य कोडसोबतच देता येणारा जादा कोड) ३३३७०. हार्ट-लंग मशीनवर घ्यावं लागलं तर इथे मात्र अ‍ॅड-ऑन आहेत, ३३३६७ ते ३३३६९, कॅन्युला कशी आणि कुठे टाकली त्याप्रमाणे. ऑपरेशन चालू असताना टीईईवरून (अन्ननलिकेतून केलेल्या इकोवरून) गाइड करणारा डॉक्टर वेगळा असेल तर त्याचा ९३३५५, जो व्हॉल्व्ह बसवतोय त्याला तो घेता येत नाही.

आता मॉडिफायर ६२. टॅव्हर इंटरव्हेन्शनल कार्डिओलॉजिस्ट आणि कार्डिओथोरॅसिक सर्जन दोघं मिळून करतात, दोघांचा तोच कोड, दोघांना ६२, आणि मेडिकेअर प्रत्येकाला फीच्या ६२.५ टक्के देतं. दोघांची नोट वेगवेगळी हवी, आपण काय केलं हे प्रत्येकाने लिहिलेलं हवं. मला कित्येकदा दुसऱ्याची नोट शब्दन्‌शब्द कॉपी केलेली मिळाली आहे, किंवा एकाची नोटच नाही. अशा वेळी चार्ट होल्डवर टाकून क्वेरी (डॉक्टरला लेखी प्रश्न) करा, एकाचं बिल ६२ शिवाय गेलं की दुसऱ्याचंही अडकतं.

मेडिकेअरचा पेशंट असेल तर आणखी एक साखळी आहे. २०१२ पासून टॅव्हरचं कव्हरेज एनसीडी (मेडिकेअरचा राष्ट्रीय कव्हरेज निर्णय) २०.३२ खाली, रजिस्ट्रीच्या अटीवर दिलं गेलं, म्हणून क्लेमवर मॉडिफायर क्यू-झिरो, दुय्यम डायग्नोसिस म्हणून झेड ००.६, आणि आठ आकडी ट्रायल नंबर लागतो. हे तिन्ही सोबत लागतात, एक राहिला तरी क्लेम परत. ही सूचना बदलू शकते म्हणून तुमच्या चार्टच्या तारखेला काय लागू होतं ते मॅकच्या (मेडिकेअरचे क्लेम बघणाऱ्या कंत्राटदार कंपनीच्या) साइटवर बघून घ्या.

सहावी पायरी: सोबत काय काय केलं

व्हॉल्व्हसोबत कोरोनरी बायपास (हृदयाच्या धमन्यांना ग्राफ्ट लावणं) खूप वेळा असतो. समजा एऑर्टिक बदलली, लिमा (छातीतली आर्टरी) एलएडीला (हृदयाच्या पुढच्या कोरोनरीला) लावली आणि पायाच्या शिरेचे दोन ग्राफ्ट. तर ३३४०५, मग ३३५३३ ला मॉडिफायर ५१, मग ३३५१८. शिरेसाठी ३३५११ नाही, कारण सोबत आर्टरी आहे, आणि आर्टरीसोबतच्या शिरांचे कोड ३३५१७ पासूनचे अ‍ॅड-ऑन आहेत. शीर दुर्बिणीतून काढली तर ३३५०८ वेगळा, उघडून काढली तर पायाच्या शिरेचं काही नाही. अ‍ॅड-ऑनला ५१ लावू नका.

दोन झडपा बदलल्या तर दोन्ही कोड, जास्त आरव्हीयूचा (कोडमागच्या कामाच्या मोजमापाचा) वर. एऑर्टिक आणि मायट्रल असेल तर ३३४३० आधी, मग ३३४०५. मेझ (हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं ऑपरेशन) केलं असेल आणि तो एक्स्टेन्सिव्ह असेल तर हार्ट-लंग मशीनवरच्या सर्जरीसोबत ३३२५९. डाव्या एट्रियमचं अपेंडेज क्लिपने बंद केलं की मुलं लगेच ३३२६८ देतात, पण मायट्रलच्या सर्जरीत किंवा मेझसोबत ते त्याच कामात धरलेलं आहे. एऑर्टिकसोबत, मेझ नसताना, विचार करता येतो.

पेशंटचं आधी बायपास किंवा व्हॉल्व्हचं ऑपरेशन झालंय आणि एक महिना उलटून गेलाय, तर ३३५३० अ‍ॅड-ऑन. हा फार राहून जातो, कारण आधीच्या ऑपरेशनची माहिती ऑपरेटिव्ह नोटमध्ये एका शब्दात असते, 'रीडू', आणि तारीख हिस्टरीत. टॅव्हरला मात्र ३३५३० नाही. असिस्टंट सर्जनला ८०, टीचिंग हॉस्पिटलमध्ये लायक रेसिडेंट उपलब्ध नव्हता तर ८२, फिजिशियन असिस्टंट असेल तर एएस.

सातवी पायरी: डायग्नोसिस

इथे आपल्याकडच्या मुलांचा एक वेगळा घोळ होतो. आपण लहानपणापासून ऐकलेला व्हॉल्व्हचा पेशंट म्हणजे र्‍हुमॅटिक ताप होऊन तरुण वयात झडप खराब झालेला. अमेरिकेतल्या चार्टवर बहुतेक पेशंट वयस्कर, झडपेवर कॅल्शियम साचलेलं. पण कोड आपल्या समजुतीवर नाही, कोडबुकच्या इंडेक्सवर चालतो. डॉक्टरने कारण लिहिलं नसेल तर एऑर्टिक स्टेनोसिस आय ३५.०, मायट्रल रिगर्जिटेशन आय ३४.०, दोन्ही नॉनर्‍हुमॅटिक. पण मायट्रल स्टेनोसिस कारणाशिवाय लिहिलं तर इंडेक्स ते र्‍हुमॅटिकच धरतो, आय ०५.०, आणि ट्रायकस्पिड रिगर्जिटेशनही तसंच, आय ०७.१. आणि एऑर्टिक व मायट्रल दोन्ही खराब, कारण लिहिलेलंच नाही, तर आय ०८.०, आय ३५.० आणि आय ३४.० जोडीने नाही. डॉक्टरने डिजनरेटिव्ह असं स्पष्ट लिहिलं तर मात्र वेगवेगळे. पंच्याहत्तरीच्या बाईंना र्‍हुमॅटिकचा कोड लावताना मला सुरुवातीला फार खटकायचं, पण ज्याला खटकतंय त्याने क्वेरी करायची, स्वतःच्या मनाने कोड बदलायचा नाही.

आधी बसवलेला व्हॉल्व्ह खराब झाला म्हणून पुन्हा ऑपरेशन असेल तर आय ३५ मध्ये जाऊच नका, टी ८२ बघा: गळती टी ८२.०३, मोडला टी ८२.०१, अरुंद झाला टी ८२.८५७, इन्फेक्शन टी ८२.६, सातव्या जागी ए. झेड ९५.२ हा फक्त व्हॉल्व्ह शांतपणे आत असल्याचा कोड आहे, तोच व्हॉल्व्ह बिघडलाय तेव्हा तो लावायचा नाही.

आठवी पायरी: फॅसिलिटीवाल्यांसाठी

पीसीएसची सात अक्षरं एकेक करून भरा. ० म्हणजे मेडिकल-सर्जिकल, २ हृदय, मग रूट ऑपरेशन आर म्हणजे रिप्लेसमेंट, मग झडप: एऑर्टिक एफ, मायट्रल जी, पल्मनरी एच, ट्रायकस्पिड जे. मग रस्ता: ओपन ०, परक्युटेनियस ३. मग व्हॉल्व्ह कशाचा: प्राण्याचा टिश्यू ८, मेकॅनिकल जे, दात्याचा के, स्वतःचा ७. शेवटी झेड, ट्रान्सएपिकल असेल तर एच. म्हणजे मांडीतून टॅव्हर ०२आरएफ३८झेड, ओपन मेकॅनिकल एव्हीआर ०२आरएफ०जेझेड. पेशंटची झडप कापून काढली त्याचा वेगळा एक्सिजन देऊ नका, रिप्लेसमेंटमध्ये ते आलं, पण आधी बसवलेला कृत्रिम व्हॉल्व्ह काढला तर तो रिमूव्हल म्हणून वेगळा जातो. नुसती रिंग घालून रिपेअर म्हणजे सप्लिमेंट, रूट ऑपरेशन यू.

डीआरजी सांगायचा तर ओपन सर्जरी साधारण २१६ ते २२१ मध्ये पडते, त्याच अ‍ॅडमिशनमध्ये कॅथ झाली की नाही आणि सीसी-एमसीसी (गंभीर किंवा जास्त गंभीर जोड-आजार) आहे की नाही त्यावर, टॅव्हर २६६ किंवा २६७ मध्ये. म्हणून हार्ट फेल्युअर नुसतं हार्ट फेल्युअर म्हणून सोडू नका. अक्यूट सिस्टॉलिक एमसीसी आहे, क्रॉनिक सिस्टॉलिक सीसी, आणि ही माहिती चार्टमध्ये असते, फक्त डॉक्टरच्या शब्दांत लिहिलेली नसते. क्वेरी लिहिताना उत्तर सुचवू नका. 'ईएफ अमुक, लॅसिक्स शिरेतून दिलं, कृपया हार्ट फेल्युअरचा प्रकार आणि तीव्रता असल्यास नोंदवावी' इतकंच.

शेवटची पायरी: तारीख

सीपीटी १ जानेवारीला बदलतो, आयसीडी १ ऑक्टोबरला आणि थोडाफार १ एप्रिलला, एनसीसीआयचे एडिट (कुठले कोड एकत्र चालत नाहीत त्याची यादी) दर तिमाहीला. डॉक्टरचा क्लेम ऑपरेशनच्या तारखेवर चालतो, हॉस्पिटलचा इनपेशंट क्लेम डिस्चार्जच्या तारखेवर. बायकस्पिड एऑर्टिक व्हॉल्व्ह आधी क्यू २३.१ मध्ये जायचा, १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याला स्वतःचा क्यू २३.८१ मिळाला. आता असा पेशंट धरा ज्याचं ऑपरेशन २८ सप्टेंबर २०२४ ला झालं आणि जो ४ ऑक्टोबरला घरी गेला. सर्जनच्या क्लेमवर क्यू २३.१, हॉस्पिटलच्या क्लेमवर क्यू २३.८१, आणि दोन्ही बरोबर.